दारातले आबा

आबांचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. तुरुंगात शिपाई म्हणून हयात काढलेला हा माणूस निवृत्त झाला आणि छावणीजवळच्या आमच्या लहानशा चर्चचा पंच झाला. तिथं माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून ते दारात उभे राहायचे, इथं आत येऊ नयेत म्हणून. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा वाटून खायच्या रविवारी पायऱ्यांवर एकेका पुरुषाचं तोंड हुंगायचे. दारूचा वास आला की कानाखाली आवाज. खिशात तंबाखू सापडली तर ती त्याच्याच डोक्यावर. "दारात नियम, आत कृपा," असं ते म्हणायचे, आणि इतक्या ठसक्यात म्हणायचे की नव्या माणसाला ते बायबलातलंच वचन वाटावं.

मी बोकडांचा व्यापारी. दुसऱ्यांच्या बोकडांना चारा टाकत टाकत स्वतःचा वाडगा उभा केला, कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही. ईदेच्या तोंडावर गिऱ्हाईक रविवारीही येतं, आणि दारात आलेलं गिऱ्हाईक मी परत पाठवत नाही. हे आबांच्या कानावर गेलं. "प्रभूच्या दिवशी सौदा करतो व्हय रं?" म्हणत त्यांनी माझ्या बायकोसमोर माझी गचांडी धरली आणि मागच्या बाकावर नेऊन आपटलं. आमच्याकडे बंदी घातलेली माणसं त्या बाकावर बसतात आणि भाकरीचं ताट तिथपर्यंत येत नाही. मी तिथं बसायचो, पुढं बसलेल्या आबांच्या मानेकडे बघत.

माझं असं, तर माझ्या थोरल्या भावाचं उलटं. याकोबदादा मऊ माणूस. आबा म्हणतील ती पूर्वदिशा. प्रभुभोजनाआधी शनिवारपासून कडक उपास, अंगात काही जाता कामा नये, असा आबांचा हुकूम होता. दादाला साखरेचा आजार, रोज सुई टोचून घ्यावी लागायची. सुईनं औषध जातं म्हणजे अंगातच जातं की, असा विचार करून त्यानं उपासाबरोबर सुयाही बंद ठेवल्या. वहिनी ओरडली. तो म्हणाला, "येशूसाठी एवढं बी नाय करायचं का?"

रविवारी तो पायऱ्या चढला तेव्हा झोकांड्या खात होता. डोळे तारवटलेले, जीभ जड, तोंडाला आंबूस गोड वास. आबांनी हुंगलं. "याकोब, तू बी?" एवढंच बोलले आणि अशी चपराक ठेवून दिली की दादा उलटा झाला आणि दगडी पायऱ्यांवरून डोकं आपटत खाली आला. कानातून रक्त आलं. बायका किंचाळल्या. आबा वरूनच गरजले, "पडू द्या बेवड्याला!"

दवाखान्यात डॉक्टरनं तोंडाजवळ वाकून एकच श्वास घेतला. "दारू नाही ही. साखर चढून रक्त नासलंय, त्याचा वास आहे. सुई कुणी बंद केली?" आबा भिंतीला टेकून उभे होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता.

दादा बेशुद्ध असताना आबा माझ्या वाडग्यावर आले. "मार मला," म्हणाले. मी मारलं. नाकावर ठोसा बसला तसे ते बोकडांच्या पायात लेंड्यांवर पडले. नाक फुटलं. उठून पुन्हा समोर उभे. "आणखी मार. फिटू दे." मी पुन्हा मारलं. त्या मारण्याचा मला आजही पस्तावा नाही. पण तिसऱ्यांदा मूठ वळली आणि थांबली. मी आयुष्यभर बाजार केला आहे. समोरचा माणूस सौदा करायला आलाय, हे मला डोळ्यांवरून कळतं. आबा रडायला आले नव्हते, किंमत मोजून मोकळं व्हायला आले होते. "जा आबा," मी म्हणालो, "ह्या भावात नाय सुटायचं ते." तसे गेले, शर्टानं रक्त पुसत.

दादा वाचला. डावा कान मात्र कायमचा गेला. तोवर आबांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं: मरेपर्यंत मागचा बाक. माझ्याच शेजारी येऊन बसायचे. आमच्या पाद्रीबाबांनी समजावलं, तर म्हणाले, "नियम मीच केलाय, मग मीच कसा मोडू?"

दादा बरा होऊन पहिल्यांदा प्रभुभोजनाला आला तो सकाळी सुई टोचून, दोन पोळ्या खाऊन. आपला भाकरीचा तुकडा घेतला आणि जागेवर न बसता भिंतीचा आधार घेत मागं आला. तुकडा मोडून अर्धा आबांपुढं धरला.

"घ्या आबा."

"मला हक्क नाय रं याकोब."

"मोठ्यानं बोला, ह्या कानानं ऐकू येत नाय."

"हक्क नाय म्हणलं मला!" आबा सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं ओरडले.

"मग मला कुठं हाय? हक्कानं खायची असती तर घरीच खाल्ली असती की."

आबांनी तुकडा घेतला. तोंडात घालताना त्यांच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी सुरीखालच्या जनावराचा ऐकला आहे, माणसाचा नाही.

मी संतापलो. फुटलेला कान माझ्या भावाचा, पण त्याची चिंता मी वाहिली, आणि यानं मला एका शब्दानं न विचारता माफी फुकट देऊन टाकली! हा राग अजून आहे.

आबा त्यानंतर पुन्हा दारात उभे राहायला लागले, पण हुंगणं संपलं. एकदा खरोखरच तर्र झालेला एक रिक्षावाला आला. आबांचा हात सवयीनं वर गेला, आणि तो हात त्याच्या काखेत शिरला. आबांनी त्याला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. तो त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओकला. एक पंच त्याला ओढायला धावला, तसे आबा कडाडले, "हात लावून बघ, दात पाडीन!" नियम सुटले, स्वभाव नाही सुटला.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. खड्ड्याभोवती जो तो मूठमूठ माती टाकत होता. माझी पाळी आली तेव्हा मी मोठं ढेकूळ उचललं आणि सगळ्या ताकदीनं पेटीवर हाणलं. धाडकन आवाज झाला. माणसं वळून बघायला लागली. दादाला तेवढं एका कानानंही ऐकू गेलं.

"हळू रं," तो म्हणाला, "लागंल त्यांना."

मी खाली बसलो. दुसरी मूठ घेतली, बोटांनी चुरून तिच्यातले खडे काढले आणि मग सोडली.