कोंडाजी वस्तादांचा नेम

मुठ्याच्या कोंडाजी वस्तादांचा नेम म्हंजी दगडावरची रेघ. तालमीच्या मातीच्या हौद्यात काय लावायचा त्यो डाव लावा, पर हौद्याभाईर कुणावर हात उचलला का पाय बंद. परत तालमीची पायरी चढायची न्हाई. तीन वर्सांमागं सौरभनं हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी एका कॅबवाल्याचं थोबाड फोडलं, तवा वस्तादांनी भर तालमीत त्याचा लंगोट त्याच्या हातात दिला. आवो, सख्ख्या भावाचा नातू! तरीबी दिला.

त्यो राग सौरभच्या पोटात तसाच. आन् आता त्याच तालमीत धम्मदीपा कुस्ती खेळत हुती. दिसा उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला जायाची, पहाटं उठून तालमीची माती उकरायची. लई चिवट पोर. ऐतवारी जिल्ह्याची निवड हुती. शुक्रवारी सौरभनं वस्तादांना वाटंत गाठलं. "आज्या, तुमची लाडकी आज हात उचलती का न्हाई, बगाच."

वस्ताद सांजच्याला कंपनीच्या गेटासमोर टपरीवर जाऊन बसले. चहा घेतला.

शिफ्ट सुटली. धम्मदीपानं स्कूटी काढली न काढली, तवर सौरभ म्होरं आडवा.

"काय गं पैलवानीण? माती खाऊन पोट भरतंय व्हय?"

"दादा, वाट सोड."

"न्हाई सोडत. मार की! का वस्तादाला इचारून मारणार?"

पोरीनं टपरीकडं बगितलं. वस्तादांनी ग्लास गच्च धरला. उठावं, तर पोरीची कसोटी मोडती. बसावं, तर जीव ऱ्हात न्हाई.

सौरभनं तिचं मनगट धरलं. पिरगाळलं. ती व्हट चावून उभी. आनखी पिरगाळलं, तरी हात उचलंना. आवो, मनात आणलं आसतं तर त्याला सहज लोळवला आसता तिनं! निव्वळ नेमापायी उभी. तवा वस्तादांना उमगलं. माजलेल्या गड्यांसाठी घातलेला नेम ह्या पोरीच्या हातात बेडी हुऊन पडला हुता.

"सोडव की गं हात!" वस्ताद वरडले.

डोळ्याचं पातं लवायच्या आत सौरभ पाठीवर. पर वस्तादांनी बगितलं ते निराळंच. खाली माती न्हाई, डांबर. त्याला पाडता पाडता पोरीनं आपला पंजा त्याच्या डोक्याखाली सारला हुता. तिची बोटं सोलून रगत आलं. त्याच्या टाळक्याला खरचटलंबी न्हाई. पाठ टेकली तशी तिनं सोडलं आन् बाजूला झाली.

दुसऱ्या दिशी पहाटं ती तालमीच्या दारात उभी, बोटांला चिंधी. आत पाय टाकंना. सौरभबी आला हुता, निकाल ऐकायला.

"वस्ताद, हात उचलला मी. पाय बंद?"

"व्हय. नेम म्हंजी नेम." वस्ताद हौद्यातनं वर आले. "पर हात तुजा, सांगणं माजं. पाय माजा बंद."

पोरं घाबरली. "मग आमाला शिकवणार कोण?"

"मीच. भाईरनं. तोंड बंद केलंय व्हय कुणी?"

सौरभ रागानं म्हणला, "आन् माजं काय, आज्या? मला न्हाई माफी?"

"त्या कॅबवाल्याच्या डोक्याखाली तू हात घातला हुतास?"

सौरभ आल्या वाटंनं माघारी फिरला.

चाळीस वर्सं ज्या मातीत घाम गाळला, तिच्याकडं तोंड करून वस्ताद उंबऱ्याभाईर पोत्यावर बसले. धम्मदीपा आत गेली, माती कपाळाला लावली, जोडीदारणीला भिडली.

"कंबर खाली घे," वस्ताद भाईरनं वरडले. "आजून खाली!"