सापांच्या दुकानाचं भांडवल

माझा धाकटा भाऊ मुंबईची नोकरी सोडून बेलापूरला परत आला, तेव्हा त्याने ट्रंक ओटीवर भिरकावली, पण लाकडी पेटी मात्र स्वतः उचलून सावलीत नेऊन ठेवली. आईने विचारलं, "त्यात काय हाय रे?"

"कासवं," तो म्हणाला.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी गावातच सासरी राहायची. नवरा वादळात समुद्रावर गेला तो परतला नाही, आणि तेव्हापासून सुकी मासळी विकून मी आपलं चालवत होते. पाटीत सुकट, बोंबील, जवळा घेऊन नावडे गावापर्यंत जायची. हाताशी थोडे पैसे जमले होते. सासऱ्यांच्या मनात होतं की त्यातून मासेमारीच्या एका मचव्यात भागी घ्यावी. मीही तेच धरून चालले होते.

भाऊ मुंबईत पक्षी आणि शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात होता. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात कासवं, घोरपडी, सरडे असायचे. साहेबलोक, पारशी, कॉलेजचे प्राध्यापक खास त्या कोपऱ्यासाठी यायचे. मालकाला मात्र त्या जनावरांची किळस. भावाच्या डोक्यात बसलं की फक्त सरपटणाऱ्या जनावरांचंच दुकान काढायचं, आणि तेही पनवेलला. मुंबई-पुण्याच्या मोटारी तिथे चहाला थांबतात, माणसं पाय मोकळे करायला उतरतात, त्यांची पोरं कंटाळलेली असतात. "एकदा काचेत अजगर बघितला ना बाय, की गाडी पुढं जानार नाय," तो मला म्हणाला.

मी हसले नाही. तो बोलत होता ते वेडेपणाचं नव्हतं. कोणतं जनावर काय खातं, थंडीत कोणाला ऊब लागते, कॉलेजांना काय हवं असतं, सिनेमावाले धामण भाड्याने कशी नेतात, हे त्याने नीट जुळवून ठेवलं होतं. विषारी साप ठेवायचा नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. "नागाची भीती लोकांना फुकटात मिळते. ती विकत कोन घेईल?"

मला काळजी होती ती पैशांची. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते जाळं विणत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"पैसा तुजा हाय, सूनबाय. पन मचवा बुडला तर लोक हळहळतील. साप सुटला तर?"

मी निम्मे पैसे भावाला दिले आणि निम्मे मचव्यासाठी ठेवले. दोन्हीकडे अपुरे पडणार हे मला ठाऊक होतं. मला झोप लागेना. दोन होड्यांत पाय ठेवलेल्या माणसाला कसली झोप?

पनवेलच्या बाजारात लाकडाचा धंदा करणारे एक मुसलमान गृहस्थ होते, आमच्या वडिलांच्या ओळखीचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रस्त्याला लागून त्यांची एक खोली रिकामी होती. भावाचं सगळं ऐकून घेतल्यावर ते मला म्हणाले, "बाय, मी चाळीस वर्षं लाकूड विकतोय. त्यातनं विंचू निघतात, साप निघतात. ते मी फुकट हाकलतो, आणि हा विकणार म्हणतो!" मग खूप वेळ हसले. खोली द्यायला मात्र तयार झाले. आगाऊ रकमेची घाई केली नाही, पिंजऱ्यांसाठी सागाचे तुकडेही उधार दिले.

उरलेलं भांडवल गावच्या सहकारी सोसायटीकडून मिळवायचं होतं. सोसायटी कर्ज द्यायची ते बियाण्याला, बैलाला, जाळ्याला. चेअरमन चांगला माणूस होता, पण धंदा कोणत्या सदरात घालायचा हेच त्याला कळेना. शेवटी 'पशुपालन' म्हणून अर्ज घ्यायचं ठरलं. कमिटी आधी माल बघणार होती. म्हणून भावाने आईच्या परसात खोपट उभारलं, जाळीचे पिंजरे ठोकले. पाठीवर चांदण्या असलेली कासवं, खाडीतली कासवं, दोन घोरपडी, एक अजगर, काही धामणी, एक मांडूळ. आई त्या बाजूला फिरकायची नाही. पण उरलेली भाजी कासवांसाठी टोपलीत बाजूला काढून ठेवायला लागली, हे मी पाहिलं.

कमिटी येऊन गेली. चेअरमनने कासव हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "होईल काम." त्या दिवशी भाऊ मला पनवेलच्या खोलीवर घेऊन गेला आणि काचा कुठे बसतील ते भिंतीवर कोळशाने आखून दाखवलं. इतका खूश मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता.

भातकापणी सुरू झाली आणि नावड्यात एका बाईला साप चावला. ती गेली.

मी तिला चांगली ओळखत होते. दर खेपेला तिच्या ओटीवर पाटी उतरवून मी पाणी प्यायची. तिच्या दोन मुलींना मूठभर जवळा जास्तीचा द्यायची. मी तिच्या घरी गेले तेव्हा बायका गप्प झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "हिच्याच भावानं साप आनलेत. त्यातलाच सुटला."

कुठे बेलापूर आणि कुठे नावडे! पण बोलणाऱ्याला अंतर कुठे लागतं? दुसऱ्या दिवशी आईच्या दारात माणसं जमली. भावाने एकेक पिंजरा उघडून दाखवला. "मोजून घ्या. एक पन कमी नाय. आनि यातल्या एकाला पन विष नाय." धामण त्याने स्वतःच्या हाताला चावू दिली. रक्ताचे ठिपके आले. लोक बघत राहिले, पण कोणाचं मन पालटल्याचं दिसलं नाही. उलट एकजण म्हणाला, "मंत्र येतो त्याला."

दोन-चार दिवसांनी मी पाटी न घेताच नावड्याला गेले. त्या बाईचा नवरा खळ्यावर एकटा बसला होता. मी काही विचारलं नव्हतं. तोच बोलला.

"तुज्या भावाचा साप नव्हता. घोनस होती. पेंढ्याखाली बसली होती. मीच ठेचली."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

त्याने जमिनीवरची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "सांगितलं तर इचारतील, मग पनवेलला दवाखान्यात का नाय नेली. मी पहिला भगताकडं नेली. तो म्हनला, इख उतरलं. आमी घरी आलो. ती पानी मागत होती."

घरी येऊन मी भावाला सगळं सांगितलं. तो उठलाच. "चल, आत्ता चेअरमनकडं." मी त्याला बसवलं. त्या माणसाच्या पदरात दोन मुली होत्या. बायकोचे भाऊ तापट, गावभर प्रसिद्ध. आम्ही दोघं भांडलो, आयुष्यात पहिल्यांदा तसे. शेवटी तो म्हणाला, "दुकान गेलं तरी चालंल, पन मी खुनी म्हनून फिरायचं?" तरी तो गेला नाही.

सोसायटीच्या बैठकीत आमचा अर्ज निघाला तेव्हा दाराशी गलका झाला. तो नावड्याचा माणूस उभा होता. आम्ही त्याला बोलावलं नव्हतं. सगळ्यांसमोर त्याने सांगितलं: घोणस, पेंढा, भगत, सगळं. बोलता बोलता खाली बसला आणि कपाळ हातात धरून रडायला लागला. कोणी हललं नाही. भाऊ उठला, त्याला हाताला धरून बाहेर नेलं, आणि त्याच्या घरापर्यंत सोबत चालत गेला.

चेअरमनने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमचा दोष नाही हे आता कळलं. पण दुकानात गिऱ्हाईक नको का यायला? मी पैसे दिले आणि ते बुडाले, तर मला कोण सोडेल?"

कर्ज मिळालं नाही. चाचा अजून थांबायला तयार होते, पण त्यांच्या मुलांना ती भानगड नको होती, आणि चाचांचं वय झालं होतं. खोलीत सायकलदुरुस्तीचं दुकान आलं. धामणी, अजगर आणि घोरपडी भावाने खारघरच्या डोंगरात नेऊन सोडल्या. मी बरोबर होते. मांडूळ पिशवीतून बाहेरच येईना. भाऊ पिशवीजवळ बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

त्या माणसाच्या मुलींना त्यांचे मामा घेऊन गेले. तो मात्र गावातच राहिला. मी त्याच्या ओटीवर पाटी उतरवत राहिले. तो पाणी आणून द्यायचा. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

कासवं घेऊन भाऊ मुंबईला जुन्या मालकाकडे गेला. मालक थकला होता. त्याने तो किळसवाणा कोपरा भावाला भागीत दिला. मी त्याला दिलेल्यांतले उरलेले पैसे भावाने तिथेच घातले. तोट्यातला धंदा होता तो, पहिली काही वर्षं तर नक्कीच. सासरे त्याबद्दल मला कधी टोचून बोलले नाहीत. मचव्यात मात्र आम्हाला रुपयात दोन आण्यांची, फारच लहान भागी मिळाली, आणि ती ते दर नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहताना, सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशी सांगायचे: "आमची दोन आनी!"

एकदा मी तो कोपरा बघायला गेले. काचेमागे एक अजगर झोपला होता. भाऊ एका गोऱ्या बाईला तिच्या भाषेत काहीतरी समजावत होता. मी स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "घेतलं नाय तिनं. पन परत येनार बघ." मी मान हलवली आणि त्याच्यासाठी आणलेला बोंबलाचा डबा त्याच्या हातात दिला.