गरम बॉनेट

माझा थोरला शाळेत मागच्या बाकावर बसून पंख्याकडे बघत राहायचा. बाईंनी एकदा विचारलं, "काय दिसतंय वर?" तर म्हणाला, "बेअरिंग गेलंय." बारावीनंतर तो शिकला नाही. "दोन पदव्या भिंतीवर आणि पोरगा गाडीखाली," असं त्याची आत्या आम्हा नवराबायकोला म्हणायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजात तो मालकांच्या हाताखाली लागला, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, तो तिथेच राहिला. आता चाळिशीला आलाय.

मास्तरांची स्वतःची एक गाडी होती. जुनी विलायती स्पोर्ट्स कार, गडद हिरवी, दोनच माणसांची, कापडी छपराची. गंजून पडली होती, ती थोरल्याने नटबोल्टासकट खोलून पुन्हा उभी केली. त्याचं लग्न कुठे जमेना, तेव्हा धाकटी त्या गाडीलाच 'वहिनी' म्हणायला लागली.

"दादा, वहिनींची तब्येत काय म्हणते?"

"थंडीत कुरकुरते. तुझ्यापेक्षा कमी."

मास्तर आजारी पडल्यावर तो रोज सकाळी त्यांना शेजारी बसवून चक्कर मारून आणायचा. मास्तर गेले, तरी चक्कर थांबली नाही. शेजारची सीट रिकामी असायची एवढंच. मी कधी काही विचारलं नाही.

मास्तरांची मुलगी परगावी असते. तिने गॅरेज बंद करायचं ठरवलं आणि जुन्या गाड्या जमवणाऱ्यांसाठी जाहिरात दिली. एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे अशा गाड्यांची शेडच होती आणि त्या सांभाळायला माणूस हवा होता. मुलीने थोरल्याचं नाव सुचवलं. "गाडी बघायला येतोच आहे, त्यालाही बघतो," ते म्हणाले. पगार होता, राहायला खोली होती. या वयात त्याला दुसरीकडे कोण घेणार, याच काळजीने माझी झोप उडाली होती. त्या रात्री लागली.

ते आले त्या दिवशी मी डबा द्यायच्या निमित्ताने गॅरेजात जाऊन उभी राहिले. गृहस्थ हसतमुख होते. "ही तर माझ्यापेक्षा धडधाकट दिसते," म्हणत त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. मग हसणं थांबलं.

"गरम आहे."

"हो. सकाळी चालवली," थोरला म्हणाला.

"मी येणार हे माहीत असून?"

"हो."

मला काही कळेना. नंतर धाकटीने समजावलं. जुनी गाडी घेणारा थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघतो. खोट असली तर तिथेच कळते. म्हणून लबाड विकणारे इंजिन आधीच तापवून ठेवतात. या गृहस्थांना पूर्वी कुणीतरी तसंच गंडवलं होतं. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

व्यवहारासाठी परगावाहून आलेली मास्तरांची मुलगी थोरल्याकडे बघत राहिली. रोजच्या चकरेचं तिला काय माहीत? गृहस्थ म्हणाले, "उद्या येतो. किल्ली माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच थंड इंजिनचा चोक ओढला. इंजिन जरा खोकलं आणि सुरू झालं. व्यवहार ठरला. थोरल्याने छप्पर दुमडून दिलं, गाडी ट्रकवर चढवून दिली, दोर ओढून बघितले. नोकरीचा विषय कुणी काढला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मी नुसती ट्रकचा मागचा फळका बघत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "नेमकी त्या दिवशी कशाला चालवलीस?"

"रोजच चालवतो."

"मग तसं सांगायचं! तोंडाला कुलूप होतं का?"

"सांगितलं असतं तर थाप वाटली असती."

"मी सांगते त्यांना."

"नको, आई."

तो हातपाय धुवायला गेला तेव्हा मी त्या गृहस्थांना फोन लावलाच. मास्तरांचं आजारपण, रोजची चक्कर, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"खरं असेल, ताई. गाडीत खोट नव्हतीच. पण उद्या माझ्या शेडमध्ये एखादं बॉनेट गरम लागलं, तर मला पहिली शंका त्याचीच येणार. तसं कुणाला ठेवू नये."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला.

थोरला टॉवेल घेऊन दारात उभा होता.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "मग वाढ."