पीठ मळण्याचं एक मिनिट

भवानी पेठेत बसलिंगप्पांच्या घरामागे पत्र्याची लांब खोली होती. तिथे कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याचं सारण भरलेल्या शेंगापोळ्या तयार होत. दोन तवे, दोन पराती, दोन बायका. ईरम्मा आणि मायाक्का.

ईरम्माचा नवरा गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि अक्कलकोटकडच्या गावातून आल्यामुळे मराठीपेक्षा कानडीच जास्त बोलायची. शेजारच्या खोलीतल्या मायाक्कानं तिला हाताला धरून इथे आणलं आणि बसलिंगप्पांना सांगितलं, "हिला बसवून घ्या. न्हाईतर मीबी उद्यापासनं येत न्हाई." त्याला आता एकोणीस वर्षं झाली. ईरम्मा भाकरी आणि पोळी दोन्ही करी. मायाक्का फक्त भाकरी. उजवा अंगठा मोडून वाकडाच जुळलेला होता, त्यामुळे तळहातानं थापता येई, पण लाटणं धरता येत नसे.

गेल्या वर्षी बसलिंगप्पांचे गुडघे गेले आणि धंदा सुनेच्या हाती आला. महेश्वरी सकाळी एका क्लासमध्ये बारावी कॉमर्सला गणित शिकवायची. बोलणं गोड, आवाज कधी चढायचा नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती मोबाईल घेऊन ईरम्मासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, दहा भाकऱ्या करा. मी बघते."

महेश्वरी अधूनमधून असे व्हिडिओ काढून गिऱ्हाइकांना पाठवायची. दोघींना वाटलं, हे तेच. ईरम्मानं पदर नीट केला. व्हिडिओत पिठानं बरबटलेले हात बरे दिसत नाहीत, म्हणून मायाक्का बाजूला सरकली आणि पीठ मळून, गोळे करून तिच्या हाताशी देऊ लागली. ज्वारीचं पीठ आधी मळून ठेवलं तर चिरतं. ते प्रत्येक भाकरीला ताजंच मळावं लागतं. ईरम्मानं फक्त थापलं. पाण्याचा हात फिरवला, उलटलं, पुढची घेतली. वीस मिनिटांत दहा.

"ह्या वयात हीरोईन झालीस की गं," मायाक्का म्हणाली.

"तू गप. तुजा आवाज येतोय त्यात."

आवाज कशातच येत नव्हता. मोबाईलवर घड्याळ चालू होतं, आणि महेश्वरीचं लक्ष फक्त त्यावर आणि थापणाऱ्या हातांवर होतं. महेश्वरीनं लिहिलं : एक भाकरी, हाताची दोन मिनिटं. दुपारी पोळ्या मोजल्या. त्या ईरम्मानं एकटीनं केल्या. एक पोळी, चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर आलेखाचा कागद लागला. आडव्या रेषेवर भाकऱ्या, उभ्या रेषेवर पोळ्या. महेश्वरीनं वर्गात सांगतात तसं सांगितलं. दोघींच्या हाताची मिळून आठ-आठ तासांची नऊशे साठ मिनिटं. दोन तव्यांचीही तेवढीच. भाकरीला हाताची दोन आणि तव्याची तीन मिनिटं. पोळीला हाताची चार आणि तव्याची दोन. त्याच्या दोन तिरप्या रेषा. दोन्ही रेषांच्या आतला भाग तिनं हिरव्या पेन्सिलीनं रंगवला होता.

"ह्या हिरव्यात कुठलाही ठिपका घ्या, तेवढा माल दिवसात होतो. रेषेच्या बाहेर होत नाही. आणि सगळ्यात जास्त नफा नेहमी कोपऱ्यावर मिळतो." भाकरीमागे चार रुपये, पोळीमागे सहा. तिनं एकेका कोपऱ्याचा हिशेब करून दाखवला आणि दोन रेषा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे लाल गोल केला. दोनशे चाळीस भाकऱ्या, एकशेवीस पोळ्या. रोज सोळाशे ऐंशी.

"आनि पानी प्यायचं कुटल्या रेषेत हाय?" मायाक्कानं विचारलं.

महेश्वरी हसली. "पाणी घरून पिऊन यायचं, मावशी."

त्या दिवसापासून ईरम्मा पोळ्यांना बसली. आठ तासांत एकशेवीस बरोबर होत. मायाक्का भाकऱ्या थापी. पीठ मळणारीही तीच, थापणारीही तीच. तिच्या होत एकशेसाठ. दुसऱ्या दिवशीही एकशेसाठ. ती जेवायला उठेनाशी झाली, तेव्हा एकशेसत्तर झाल्या, आणि त्यातल्या नऊ मोडल्या.

महेश्वरी संध्याकाळी मोजायची. "ऐंशी कमी, मायाक्का. ईरम्मा मावशींचा हात बघा. त्यांनी वीस मिनिटांत दहा केल्यात. माझ्यासमोर."

मायाक्का ईरम्माकडे बघायचीसुद्धा नाही. ईरम्मा मात्र खाली बघायची. तिला सगळं ठाऊक होतं. पण महेश्वरी गिऱ्हाइकांनाही तेच सांगे, त्यामुळे पेठेत आता सगळीकडे ईरम्माचा हात, ईरम्माचा हात झालं होतं, आणि पन्नाशीनंतर कुणी आपल्याला चांगलं म्हणावं याची तिला सवय नव्हती. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी महेश्वरी म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघते. नाही जमलं तर मग आपण बोलू." मायाक्का परात धूत होती. ती धूतच राहिली. परात केव्हाच स्वच्छ झाली होती.

शुक्रवारी मायाक्का गेल्यावर ईरम्मा महेश्वरीसमोर उभी राहिली.

"वैनी, त्या दिवशी पीठ मी मळलं न्हवतं. अक्कानं मळून दिलं. आमाला वाटलं, फोटू काढताय. एकटीला तीन मिनटं लागत्यात. मलाबी. तिचा हात कमी न्हाई."

महेश्वरी रागावली नाही. तिनं पेन्सिल उचलली. "बरं झालं सांगितलंत. माझं समीकरणच चुकलं होतं."

ईरम्माला हायसं वाटलं. ती तिथेच बसून बघत राहिली. महेश्वरीनं हाताची रेषा खोडून नवी काढली. पूर्वी ती खाली चारशे ऐंशीवर टेकत होती. आता तीनशेवीसवर टेकली, नेमकी तव्याच्या रेषेपाशी. मधला कोपरा उरलाच नाही. हिरवा भाग तिकोनी झाला.

"आत्ता होतंय ते, एकशेसाठ आणि एकशेवीस, तेराशे साठ रुपये. नुसत्या भाकऱ्या केल्या तर बाराशे ऐंशी. नुसत्या पोळ्या, दोनशे चाळीस..." तिनं गुणाकार केला. "चौदाशे चाळीस. म्हणजे भाकरी शून्य."

"शून्य म्हंजे?"

"बंद. लागल्या तर मोडनिंबच्या बचत गटाकडून मागवू. पुण्याहून आलेल्या पोळ्यांच्या ऑर्डरी पडून आहेत. तवाही एकच लागेल, गॅस वाचेल." आणि पेन्सिल ठेवत म्हणाली, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर निघालं, मावशी. मायाक्काचा काही दोष नव्हता. पण त्यांना पोळी येत नाही ना."

"ऐंशी रुपयांसाठी, वैनी?"

"रोजचे," महेश्वरी म्हणाली.

शनिवारी तिनं मायाक्काला एक साडी दिली, खाली वाकून नमस्कार केला आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाली. कारणही सांगितलं. ईरम्मा मावशींनी चूक दाखवून दिली, हेही सांगितलं.

ईरम्मा गल्लीत तिच्यामागे गेली. "अक्का, मी तुज्यासाठीच..."

"व्हय. कळलं मला," मायाक्का न थांबता म्हणाली. "महिनाअखेर म्हनली हुती ती. थोरल्या मालकाला सांगून मी अजून दोन म्हैने काढलं असतं. लई वरसं आमी असंच काढलं. तुला बोलायचं हुतं तर पैल्या दिवशी बोलायचं. न्हाईतर बोलायचंच न्हवतं." दाराशी पोचल्यावर तिनं कडी काढली. "मी मळलेलं पीठ तू आज मोजाय लावलंस."

ती आत गेली.

सोमवारी मायाक्काच्या जागी राजेश्वरी बसली. पस्तिशीची, करमाळ्याकडची, हात चांगला पण नवखा. दुपारपर्यंत ती मागे पडली. तिनं भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, जरा सारण भरून देता का मला? मी लाटते भराभरा."

महेश्वरी दारात उभी होती. मोबाईल हातात होता, पण तो चालू आहे की नाही ते कळत नव्हतं.

"ज्याचं त्यानं करावं," ईरम्मा म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.