धुतलेली खुर्ची

माझ्या डोळ्यांदेखत गड्यानं खुर्ची अंगणात आणली. वकीलसाहेबांनी स्वतः तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. मग गड्यानं वर घागरी ओतल्या. जांभळी मखमल. ती मीच बसवली होती, चुका ठोकताना बोट ठेचून घेतलं होतं. मखमल पाणी पीत काळी पडली.

गुन्हा काय, तर मी त्या खुर्चीवर बसलो होतो.

लढाई संपली तसा पलटणीतून सुटून गावी आलो, रहिमतपूरजवळच्या महारवाड्यात. पलटणीत साहेबांच्या मेसमधली टेबलं-खुर्च्या मी मांडायचो, पडदे लावायचो. तेच वेड डोक्यात बसलं. मग सांगलीच्या एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकायला राहिलो. मोठ्या घरांचे दिवाणखाने ते सजवून द्यायचे. त्यांनी जात विचारली नाही, मी सांगितली नाही. पहिला धडा त्यांचाच.

"खोली उभ्यानं कळत न्हाई. बसल्याला काय दिसतंय ते बघ."

म्हणून खोली लावून झाली की मी एकेका जागी बसून बघायचो. उजेड डोळ्यांवर येतो का, दार दिसतं का.

साताऱ्यात वकीलसाहेबांच्या नव्या बंगल्यात तेच करत होतो. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. वकीलसाहेब आत आले, खोली बघून खूश झाले आणि सहज विचारलं, गाव कुठलं, घर कुठल्या आळीत. मी बसल्या बसल्या खरं सांगितलं. त्यांचं हसू तिथंच मेलं.

खुर्ची धुऊन झाल्यावर हुकूम आला. मी आत यायचं नाही. खिडकीबाहेर उभं राहून सांगायचं, सामान गडी हलवेल. मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं.

"भाईरनं सांग की रं. काम शिकायचंय न्हवं तुला?"

शिकायचं होतं. जीव तुटत होता त्या कामासाठी. मी खिडकीशी गेलो, आत बघितलं. मला लाज वाटली. मग लाज वाटली याचाच संताप आला.

"हितनं नुसत्या खुर्च्यांच्या पाठी दिसत्यात, मिस्त्री. मी आत बसल्याबिगर सांगनार न्हाई."

मिस्त्रींनी माझ्या हातातली हातोडी तेवढी काढून घेतली. शिकणं तिथंच संपलं.

ती खुर्ची मात्र सुटली नाही. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की कोपऱ्यात ती ओली उभी असते. कोरड्या फरशीवर पाणी टपकताना ऐकू येतं. बायको म्हणते, कुठं काय टपकतंय. मला ऐकू येतं.

आता मी माझ्या हिमतीवर खोल्या लावतो. कामं थोडी मिळतात. मालकाला आधी नाव सांगतो, वस्ती सांगतो. मग तिथली सगळ्यात चांगली खुर्ची ओढून तिच्यावर बसतो आणि त्याच्या तोंडाकडे बघतो. त्याची नजर घागरीकडे गेली की उठतो. त्याची खोली राहू दे ओकीबोकी. मी बाहेरून सांगणार नाही.