खाली घ्यायचं की नाही

चंद्रभागाबाईंच्या तोंडाला सारं गाव भिऊन असे. तुळशीजवळून कुणी चपला घालून गेलं की त्या आरती मध्येच थांबवत, "तुह्या घरी देव नाई, त माहा बाटवाले आली का वं?" असं ऐकवत आणि सोडलेल्या ओळीपासून आरती पुढे म्हणत. त्यांची एकादशी कधी चुकली नाही आणि भांडणही कधी चुकलं नाही.

नवरा मात्र गरीब स्वभावाचा. पुंडलिकरावांनी तीस वर्षं राइस मिलमध्ये धानाचा कोंडा छातीत घेतला होता. आता तळ्याच्या पाळीपर्यंत जाऊन येताना ते वाटेत दोनदा बसत. फुप्फुस सुधारणार नाही, वर्ष निघेल, दोन निघतील, पण दम वाढत जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

ते 'वाढत जाईल' चंद्रभागाबाईंच्या डोक्यातून जाईना. वाढेल म्हणजे काय होईल? तेव्हा घरात करायचं काय? बाजाराच्या गावी, अड्याळच्या दवाखान्यात, रिता नावाची एक नर्स बसते, बरं न होणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचा त्रास हलका करते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बाजाराच्या दिवशी वांग्यांची पिशवी घेऊन त्या थेट तिच्यापुढे जाऊन बसल्या.

"माहा नवरा चालते-फिरते," त्यांनी आधीच बजावलं. "मराले टेकला नाई. फक्त समजून घेवाले आली मी."

"हीच वेळ चांगली, मावशी," रिता म्हणाली. दम लागला की आडवं करू नका, पाठीशी उशा द्या, तोंडावर वारा येऊ द्या, घुसमट फारच वाढली तर डॉक्टर थोडंसं औषध देतात, त्यानं जीव शांत होतो, हा माझा नंबर, फोन केला तर मी घरी येते, असं तिनं एकेक करून सांगितलं. चंद्रभागाबाईंनी ऐकून घेतलं. मग मुद्द्याचं विचारलं,

"अन् खाली कवा घ्याचं?"

जीव जायला आला की माणसाला खाटेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर निजवायचं, ही आपल्याकडची रीत. खाटेवर गेला त्याला गती नाही म्हणतात.

"श्वास थांबल्यावर घ्या. त्याआधी नाही. दमेकऱ्याला उताणं पाडलं की तो आणखीच गुदमरतो."

"तू कोण गं मले रीत शिकवणारी?"

"मी नाही शिकवत. त्यांनाच विचारा, बोलता येतंय तोवर."

चंद्रभागाबाई तणतणत उठल्या. पण 'गुदमरतो' हा शब्द मनाला लागला होता. तरी घरी येऊन तीन दिवस झाले, त्यांना नवऱ्याला विचारता येईना. भांडायला त्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. हे विचारायला मात्र तोंडच उघडेना.

तेवढ्यात त्यांची मोठी नणंद कुंताबाई अड्याळहून येऊन थडकली. तिनं त्यांना नर्सपुढे बसलेलं पाहिलं होतं. एकटी आली नाही, जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या भाच्याला, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या मुलाला, मनिषला, फोन करून बोलावून घेतलं होतं.

"जित्या नवऱ्याच्या मरणाची चौकशी करून राहिली!" सपरीत, पुढच्या पडवीत, पाय ठेवताच कुंताबाई कडाडली. "बांगड्या जड झाल्या का वं तुले?"

"बाई, आवाज खाली. हे तुमचं घर नाई."

"आई, काहून गेली तू तिथी?" मनिष म्हणाला. "बाबाले मी नागपूरले नेईन, मशीनवर ठेवीन. तू मधात पडू नोको."

"मशीन तुह्या सासऱ्याले लाव! अन् आईकून घ्या दोघंही. वेळ आली तरी मी यायले खाली घेणार नाई. बसूनच जातीन."

कुंताबाईनं कपाळावर हात मारला. "खाटेवर मारशील माह्या भावाले? त्याले गती नाई भेटणार!"

"पाय राहतीन ना सारवल्या भुईवर! देवाले पाय पुरत नाई का?"

"मोठी आली धरम शिकवणारी! पोथी वाचून हेच शिकली?"

ज्याच्या मरणावरून हे चाललं होतं तो माणूस चार हातांवर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. पुंडलिकरावांनी जवळचा गडवा जमिनीवर आपटला. पाणी सांडलं.

"बाई," ते बहिणीला म्हणाले. मध्ये दम घेतला. "आनंदराव भाऊजीले आपण खाली घेतलं, तवा पाय मीच धरले होते."

कुंताबाईचा चेहरा उतरला. आनंदराव तिचा नवरा. पाच वर्षांमागे छातीच्याच दुखण्यानं गेला.

"ते दोनदा उठून बसाले गेले. दोनदा आपण दाबून निजवले. म्या दाबले." पुन्हा दम. "मले कोणी दाबू नोका. मले बसू द्या."

"त म्या मारलं का त्यायले?" कुंताबाई किंचाळली. "बोल ना! म्या मारलं?"

चंद्रभागाबाईंच्या जिभेवर 'हो' होतं, पण त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा गिळलं. कुंताबाई पिशवी उचलून उठली. या घरचं पाणी पिणार नाही म्हणाली, भावाच्या तिरडीलाही येणार नाही म्हणाली, आणि अंगण ओलांडून निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

मनिषनं खिशातून मोबाइल काढला.

"नंबर दे त्या नर्सचा."

"कायले? भांडाले?"

"दे म्हटलं ना."

चंद्रभागाबाईंनी एकेक आकडा सांगितला. त्यानं नंबर मोबाइलात ठेवला आणि वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. पुंडलिकरावांनी होकारार्थी मान हलवली.