मिसिंग मारतेय

मला शेजाऱ्याचा हेवा वाटत होता. हेवा हा शब्दही तसा सभ्यच झाला. माझ्या पोटात दुखत होतं.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या आसपासची. मी इंग्लंडात साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. आई जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. साताऱ्याजवळ हायवेला त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून काढली आणि गुडघे गेल्यावर गॅरेजला कुलूप लावलं. ते येणार म्हणून मी दहा दिवसांची रजा काढली होती. बंदरावरची मोठाली जहाजं दाखवली, फेरीबोटीने बेटावर नेलं, जंगलात मोकळे फिरणारे घोडे दाखवले. प्रत्येक ठिकाणी ते हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "छान आहे, डॉक्टर. तुम्ही फार दगदग करताय."

हे ‘तुम्ही’ आणि ‘डॉक्टर’ माझं जुनं दुखणं. लहानपणी शाळेतून आले की मी दप्तर टाकून गॅरेजमध्ये पळायचे. माझं काम एकच, टॉर्च धरायचा. आमच्याकडे त्याला बॅटरी म्हणतात. बाबा ट्रकखाली, मी शेजारी उकिडवी. माझं लक्ष उडालं आणि उजेड हलला की खालून ओरडा यायचा, "गधडे, उजेड नटावर धर! माझ्या तोंडाकडं काय बघतीस?" मग मेडिकलला नंबर लागला. त्या दिवशी गॅरेजमध्ये पेढे वाटताना बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "या, डॉक्टरबाई, तुम्ही बसा." सगळे हसले, मीही हसले. गंमत म्हणून सुरू झालेलं ते ‘तुम्ही’ तिथेच चिकटलं. आई मला शेवटपर्यंत ‘ए बये’ म्हणत राहिली. बाबा मात्र त्यानंतर माझ्यावर कधी ओरडले नाहीत. नातेवाईक म्हणायचे, लेकीला केवढा मान देतो बघा.

तर माझ्या रजेच्या पाचव्या दिवशी शेजाऱ्याने त्याच्या गॅरेजचं शटर वर केलं.

हा शेजारी पन्नाशीचा इंग्रज, बंदरावर कंटेनरची क्रेन चालवायचा. अंगाने आडवा, बोलायला कमी. त्याच्या गॅरेजमध्ये एक अमेरिकन गाडी होती, साठच्या दशकातली मस्टँग. स्टिअरिंग डावीकडे, नाक लांबलचक, आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं धूड. सात वर्षं तो ती नीट करत होता. शिफ्ट नसली की तो त्या गाडीत डोकं खुपसून असायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची फक्त पाठ दिसायची. सात वर्षांत आम्ही हवामानापलीकडे काही बोललो नव्हतो.

त्या सकाळी त्याने इंजिन सुरू केलं. कपबशा थरथरल्या. बाबा चहा पीत होते. कप तसाच ठेवून स्लिपरवरच बाहेर गेले. मी मागून धावले, कारण इथे कोणी असं न विचारता दुसऱ्याच्या दारात जात नाही. बाबा गाडीसमोर मान वाकडी करून ऐकत उभे राहिले. मग बोट वर करून म्हणाले, "मिसिंग. वन मिसिंग."

आपल्याकडे एखादा सिलिंडर नीट पेटत नसला की गाडी मिसिंग मारते, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याला वाटलं, काहीतरी हरवलंय. त्याने इंजिन बंद केलं आणि गुडघ्यावर बसून जमिनीवर पडलेला नट शोधायला लागला. मी समजावून सांगणार तेवढ्यात बाबांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला, मागचा एक प्लग उघडला आणि त्याच्या नाकासमोर धरला. प्लग तेलाने माखून काळाकुट्ट झाला होता. शेजारी प्लगकडे बघत राहिला, मग बाबांकडे. मला कोणी काही विचारलंच नाही. उरलेल्या रजेत आणखी कुठे कुठे न्यायचं, ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद फ्रिजवरच राहिला.

त्या दिवसापासून बाबांचं घर म्हणजे ते गॅरेज. सकाळी आवरून, स्वेटरवर जुना शर्ट चढवून ते तिकडे जायचे, ते जेवायलाच परत. माझ्याकडचा आल्याचा चहा त्यांना ‘जरा गोड होतोय’. त्याच्याकडचा तेलकट मगातला, दुधाचा थेंब घातलेला काळा काढा मात्र ते मिटक्या मारत प्यायचे. मी थालीपीठ लावलं, तर दोन खाल्ली आणि दोन फॉइलमध्ये बांधून घेतली.

"कुणाला?" मी विचारलं.

"त्याला. पोरगं सकाळपासून उपाशी आहे, डॉक्टर."

पोरगं! पन्नास वर्षांचं! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. आमच्या घरी उलटंच चाललं होतं.

मी ड्युटीवरून आले की खिडकीशी उभी राहून भांडी विसळायचे. एकच पातेलं तीनतीनदा. एकदा बाबांचा आवाज आला, "बॅटरी, बॅटरी!" शेजारी धावत गेला आणि गाडीची वीस किलोची बॅटरी छातीशी कवटाळून घेऊन आला. बाबांना हवा होता टॉर्च. त्यांनी कपाळावर हात मारला आणि ओरडले, "गधड्या! ही नव्हे!"

माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. पंधरा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. आणि तो निघाला कोणासाठी, तर ज्याला त्याचा अर्थही कळत नाही अशा माणसासाठी.

त्यानंतर दिवसभर गधड्या. गधड्या, पाना दे. गधड्या, हळू, आटे जातील. आणि तो आडवा माणूस लहान मुलासारखा हसत हात पुढे करायचा. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "बाबांचं हे जरा जास्तच होतंय, नाही?"

तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "तू जेलस आहेस. जाऊन टॉर्च धर की."

"मला कोणी बोलवलंय का?"

"त्याला तरी कुठे कोणी बोलवलं होतं? त्याचं तर गॅरेजच आहे."

हे ऐकून नाकाला आणखी मिरच्या झोंबल्या. मी कशाला जाऊ? बाप माझा होता.

बाबा परत जायला तीन आठवडे उरले असतील. मी कचऱ्याचा डबा बाहेर लावत होते, तेव्हा शेजारी कुंपणापाशी आला. चेहरा खुललेला. म्हणाला, तुझे बाबा ग्रेट आहेत. पुढच्या आठवड्यात गाडी रस्त्यावर निघेल. मग जरा लाजत म्हणाला, "ते मला ‘गॅडाड्या’ म्हणतात. आय लाइक इट. म्हणजे काय, ‘मेट’, दोस्त का?"

मी हो म्हणू शकले असते. ते फारसं खोटंही नव्हतं. पण इतक्या दिवसांचा सगळा जळफळाट जिभेवर आला. मी म्हटलं, "नाही. डाँकी. म्हणजे मूर्ख गाढव."

 तो मोठ्याने हसला, "फेअर इनफ!" आणि आत गेला. मला वाटलं, बरं झालं. अर्धा तास खरंच बरं वाटत होतं.

दुपारी मी खिडकीतून पाहिलं. त्याने बाबांसमोर डोक्याशी दोन हात धरून गाढवाचे कान केले, स्वतःकडे बोट दाखवलं आणि रेकला. त्याच्या दृष्टीने तो विनोद होता. बाबांच्या हातातला पाना खाली आला. त्यांनी फडक्याला हात पुसले, ते हात जोडले आणि म्हणाले, "सॉरी सर. व्हेरी सॉरी सर." मग घरी येऊन सोफ्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शेजारी दारात येऊन गेला, तर बाबा उठून उभे राहिले आणि "यस सर, नो सर" करत राहिले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "माझं काही चुकलं का?" पलीकडे ती गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "त्याला अर्थ मी सांगितला. मुद्दाम."

"तुमचं काय चुकलं, डॉक्टर? खरं तेच सांगितलंत. परक्या देशात येऊन भल्या माणसाला गाढव म्हणायचं म्हणजे..." त्यांनी मान हलवली. "आमची जीभच गॅरेजची."

ओरडले असते तर परवडलं असतं. मी तशीच उठून शेजारच्या दारावर थाप मारली. त्याने दार उघडलं, आणि मी दारातच उभी राहून भडाभडा सांगितलं. अर्थ बरोबर आहे, पण तो शब्द आम्ही परक्याला वापरत नाही. फक्त आपल्या माणसाला. लहानपणी मीही गधडी होते. आता नाही. मला तुझा हेवा वाटला म्हणून मी तुला अर्धाच अर्थ सांगितला. इंग्रजीत हे सगळं फार बावळट वाटत होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "शनिवारी मी घरी आहे. यू कम टू."

शनिवारी सकाळी बेल वाजली. बाबांनीच दार उघडलं. बाहेर शेजारी, हातात तेलकट मग. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि पाठ करून आल्यासारखा म्हणाला, "गॅडाड्या हिअर. गाडी मिसिंग मारतेय."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, माझा जुना शर्ट कुठं ठेवलाय तुम्ही?"

मी शर्ट दिला आणि त्यांच्या मागोमाग गेले. कोणी बोलवलं नव्हतं. आठ सिलिंडरपैकी सगळ्यात मागचा प्लग, हात जेमतेम शिरेल अशा जागी. शेजारी पलीकडून नळी बाजूला धरून उभा होता. बाबांनी न बघताच हात मागे केला, "बॅटरी." शेल्फावरचा टॉर्च मी उचलला, पण त्यांच्या हातात दिला नाही. लावला आणि वाकून धरला.

उजेडात बाबांचे हात दिसले. नखांत तेच काळं, पण बोटं आता थरथरत होती. पाना प्लगवर बसत नव्हता, निसटत होता. हे हात इतके म्हातारे कधी झाले? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, डोळे बारीक करून ते शोधत होते, अगदी तसेच, ट्रकखालचे. मी बघतच राहिले.

"गधडे!" बाबा ओरडले. "उजेड कुठं धरतीस? नटावर धर की!"

 बाबांना स्वतःलाही काही कळलं नसावं. त्यांचं लक्ष प्लगवर होतं. पलीकडून शेजाऱ्याने मान वर काढली आणि अदबीने बाबांची चूक दुरुस्त केली, "गॅडाड्या."

"नाही," मी म्हटलं, "तो तुझा. हा माझा."

आणि उजेड नटावर धरला.